न्यायसभा आणि शयनगृह
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो,

न्यायालयाचें दृश्य हें नाटककारांच्या हातीं फार पूर्वीं लागलेलें एक प्रभावी साधन आहे. 'मृच्छकटिक' नाटकाच्या नवव्या अंकाचें नांवच 'व्यवहार', म्हणजे खटला, असें आहे. वसंतसेनेचा गळा ज्यानें स्वतः दाबला तो राजाचा मेहुणा शकार तेथें फिर्यादी होऊन येतो आणि निरपराध चारुदत्तावर खुनाचा आळ घालतो. कोणीं विचारलेलें नसतां 'मीं नव्हे' असे शब्द त्याच्या तोंडून निसटतात, ते लिहून घेतले जातात, आणि तो ते पायानें पुसून टाकतो! प्रेक्षकाला सारें ठाऊक असतें. न्यायासनाला तें कळावें कसें, या एका चिंतेनें तो जागच्या जागीं खिळून राहतो. न्यायालयाच्या नाटकाची सारी गोडी आणि सारी व्यथा या चिंतेंतच सांठविलेली आहे.

परंतु आज मी ज्या नाटकाविषयीं बोलणार आहें, त्याला न्यायालयाचें नाटक म्हणण्याचा प्रघात नाहीं. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'कडे आपण मत्सराचें नाटक म्हणूनच पाहत आलों. मराठी रसिकाला तें परकें नाहीं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं तें मराठींत आणलें, आणि पुढें १८९० मध्यें गोविंद बल्लाळ देवलांनीं त्यास 'झुंझारराव' हा आपल्याकडील वेष चढविला. मत्सराची मीमांसा पुष्कळांनीं पुष्कळ केलेली आहे; ती मी पुन्हां करणार नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें इतकेंच, कीं या नाटकांत दोन खटले आहेत. पहिला भर सभेंत चालतो, दुसरा बंद दाराआड. पहिल्यांत आरोपी सुटतो, दुसऱ्यांत आरोपी मरते. आणि पहिल्यांतील आरोपी हाच दुसऱ्यांतील न्यायाधीश आहे.

पहिला खटला पाहूं. स्थळ व्हेनिस, वेळ मध्यरात्रीची. तुर्कांचें आरमार सायप्रस बेटावर चालून येत आहे म्हणून राज्याचा अधिपति ड्यूक आणि त्याचे सभासद खलबतासाठीं जमलेले आहेत. इतक्यांत ब्रॅबान्शिओ नांवाचा एक वजनदार सभासद आक्रोश करीत येतो : माझी मुलगी चोरीस गेली, मंत्रतंत्रानें आणि औषधी चारून तिला कोणीं भुलविलें! ड्यूक तत्काळ वचन देतो कीं, अपराधी आमचा स्वतःचा पुत्र असला तरी कायद्याचें कठोरांत कठोर कलम त्यास लावलें जाईल. मग अपराध्याचें नांव निघतें. तो असतो ऑथेल्लो. कृष्णवर्णी, परमुलुखचा, पण राज्याचा सर्वांत शूर सेनापति. डेस्डिमोनेनें त्याच्याशीं गुपचूप विवाह केलेला असतो.

आतां सभेनें काय केलें तें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. ड्यूकनें प्रथम आरोपीस बोलण्यास सांगितलें. ब्रॅबान्शिओनें पुन्हां तोच आरोप केला तेव्हां त्याला स्पष्ट बजावलें कीं, ठासून सांगणें म्हणजे सिद्ध करणें नव्हे. ऑथेल्लोनें स्वतः मागणी केली ती अशी, कीं जिच्याविषयीं हें सारें चाललें आहे तिलाच बोलवा. ती माझ्याविरुद्ध बोलली तर माझें पद घ्या आणि प्राणहि घ्या. डेस्डिमोना आली. बापाच्या समक्ष, सभेच्या समक्ष, ती शांतपणें म्हणाली कीं, माझ्या आईनें आपल्या बापापेक्षां तुम्हांस अधिक मानलें, तसेंच मीं आतां माझ्या पतीस मानावयाचें आहे. खटला तेथेंच संपला. एका परक्या माणसावर घातलेला खोटा आळ एका स्त्रीच्या साक्षीनें धुऊन निघाला.

या न्यायाच्या पाठीशीं राज्याची गरज उभी होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. सायप्रस राखावयास ऑथेल्लोच हवा होता. तो एखादा सामान्य शिपाई असता तर सभेनें इतकें औदार्य दाखविलें असतें कीं नाहीं कोण जाणे! तरीहि रीत रीतच राहिली. आरोपीस विचारलें, पुरावा मागितला, साक्षीदार बोलावला. या तीन पायऱ्या होत्या म्हणून ऑथेल्लो वांचला. जातां जातां ब्रॅबान्शिओ मात्र एक विषारी वाक्य टाकून गेला, कीं जिनें बापाला फसविलें ती तुलाहि फसवील. हरलेल्या फिर्यादीचें हें वाक्य तेथें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पण तें ऐकणाऱ्यांत इयागो होता. पुढें सायप्रसमध्यें तो तेंच वाक्य नव्यानें वापरणार होता, आणि या वेळीं तें पुराव्यांत दाखल होणार होतें.

आतां दुसरा खटला. येथें सभा नाहीं, लेखक नाहीं, आणि आरोपीस आपल्यावर खटला चालला आहे याची वार्ताहि नाहीं. फिर्यादी इयागो, आरोप असा कीं, डेस्डिमोना आणि कॅसिओ यांचा अनुचित संबंध आहे. ऑथेल्लो प्रथम इयागोचा गळा धरून डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. मागणी अगदीं रास्त होती. तिच्या उत्तरादाखल त्याला मिळालें काय? कॅसिओ झोपेंत अमुक बरळला अशी एक सांगीव गोष्ट! जें कोणी एक जण कोणा दुसऱ्याच्या स्वप्नाविषयीं सांगतो, तें कोणत्याहि न्यायालयाच्या उंबरठ्यावरून परत गेलें असतें. ऑथेल्लोच्या न्यायालयांत तें गृहीत धरलें गेलें.

मग आला तो प्रसिद्ध हातरुमाल. ऑथेल्लोचें डोकें दुखत असतां डेस्डिमोना तो त्याच्या कपाळीं बांधूं पाहते, तो तिचा हात दूर सारतो, आणि रुमाल खालीं पडतो. म्हणजे तो हरवला यास पहिला कारण स्वतः न्यायाधीशच! एमिलिया तो उचलून नवऱ्याला, इयागोला, देते. इयागो तो कॅसिओच्या खोलींत टाकतो. कॅसिओ तो बियांका नांवाच्या स्त्रीला नक्षी उतरून घेण्यास देतो. वस्तु खरी आहे, ती सांपडली तेंहि खरें आहे, पण ती तेथवर कशी गेली हें विचारलें नाहीं तर खऱ्या वस्तूवरून सर्वस्वीं खोटा निष्कर्ष निघतो. तिसऱ्या अंकांत ऑथेल्लो पत्नीला सांगतो कीं, हा रुमाल एका मिसरी स्त्रीनें माझ्या आईला दिला. पांचव्या अंकांत तोच सांगतो कीं, तो माझ्या बापानें आईला दिला. साक्षीदाराच्या तोंडीं अशी विसंगति आली असती तर उलटतपासणीच्या वकिलानें तीवर किती वेळ घालविला असता! पण येथें उलटतपासणी करणार कोण?

याहून भयंकर गोष्ट पुढें आहे. चौथ्या अंकांत ऑथेल्लो पत्नीला ठार करावयाचें ठरवितो. तो विषाचा विचार करीत असतां इयागो सुचवितो कीं, तिनें जो पलंग विटाळला त्यावरच तिचा गळा दाबा. आणि ही शिक्षा अगदीं न्याय्य म्हणून ऑथेल्लोला आवडते. यानंतरच्या प्रवेशांत तो एमिलियेला बोलावून तपासतो. ते दोघे कुजबुजले काय? नाहीं. तुला कधीं दूर पाठविलें काय? नाहीं. पंखा आणावयाला, हातमोजे आणावयाला? कधींच नाहीं. इतकी सरळ, इतकी निःसंदिग्ध साक्ष क्वचितच मिळते. आणि न्यायाधीश ती बाजूस सारतो, कारण साक्षीदार त्याच्या मतें कुंटीण आहे. शिक्षा आधीं ठरली, साक्ष मागून झाली. श्रोतेहो, ऐकून घेणें आणि ऐकणें यांत केवढें अंतर आहे तें या छोट्या प्रवेशाइतकें मार्मिकपणें क्वचितच कोणीं दाखविलें असेल.

या दोहोंच्या मधोमध आणखी एक प्रसंग आहे. व्हेनिसहून लोडोव्हिको हा राजदूत पत्र घेऊन आलेला असतो. त्याच्या देखत, सर्वांच्या देखत, ऑथेल्लो आपल्या पत्नीला मारतो. ती एवढेंच म्हणते कीं, माझ्याकडून असें कांहीं घडलें नव्हतें. लोडोव्हिको स्तंभित होतो. तिची समजूत घाला असें सुचवितो. पण तिला तेथून सोडवून नेत नाहीं. मागाहून तो इयागोला विचारतो कीं, ही यांची संवय आहे, कीं त्या पत्रामुळें आज रक्त तापलें? प्रश्न सभ्य माणसाचा आहे, आणि आपल्या प्रत्येक गल्लींत तो विचारला जातो : रोजचें आहे कीं आजच कांहीं झालें? जणूं रोजचें नसेल तर चालण्यासारखें आहे! ज्या राज्याच्या सभेनें पहिला खटला इतका चोख चालविला, त्याच राज्याचा प्रतिनिधि घरांतल्या माराहाणीपुढें एक प्रश्न विचारून थांबतो. सभेंत जी रीत होती ती घराच्या उंबरठ्याशीं संपली.

आणि मग शयनगृह. येथें फिर्यादीहि तोच, साक्षीदारहि तोच, न्यायाधीशहि तोच आणि मारेकरीहि तोच. तो क्रोधानें नव्हे तर न्यायबुद्धीनें आपण हें करीत आहों अशी स्वतःची समजूत घालतो. डेस्डिमोना काय मागते? तिच्या पतीनें व्हेनिसच्या सभेंत जें मागितलें होतें तेंच. कॅसिओला बोलवा आणि विचारा. ज्या एका मागणीनें त्याचे प्राण वांचले, ती तो तिला नाकारतो. तिला कळतें कीं कॅसिओचें तोंड कायमचें बंद करण्याची व्यवस्था झाली आहे. मग ती उद्यांपर्यंतची मुदत मागते, मग अर्ध्या घटकेची, मग एका प्रार्थनेपुरती. तीहि मिळत नाहीं. या नाटकाचें सारें कारुण्य मला या एका विरोधांत दिसतें. ज्याला न्याय मिळाला त्याला तो वाटतां आला नाहीं. कारण न्याय ही आपली योग्यता होती असें त्याला वाटलें, ती प्रत्येक आरोपीची हक्काची रीत आहे हें त्यानें ओळखलें नाहीं.

तर मग भिंतींचें न्यायालय असतें तर ती वांचली असती काय? शेक्सपियरनें या प्रश्नाचेंहि उत्तर देऊन ठेवलें आहे. १६११ सालीं ग्लोब नाट्यगृहांत ज्याचा प्रयोग झाला त्या 'विंटर्स टेल' नाटकांत लिऑन्टीज राजा आपली पत्नी हर्मायनी हिच्यावर असाच निराधार आळ घेतो, गर्भवती असतां तिला तुरुंगांत टाकतो, आणि बाळंतपणाला दिवस लोटले नाहींत तोंच तिला उघड्या न्यायसभेंत उभी करतो. सभा आहे, आरोपपत्र आहे, देववाणी मागविली आहे; आणि देववाणी राणीला निर्दोष ठरविते तेव्हां राजा म्हणतो कीं, देववाणीच खोटी! फिर्यादीच न्यायासनावर बसला कीं न्यायालयाच्या भिंती केवळ नेपथ्य उरतात.

आतां डेस्डिमोनेच्या अंतकाळाकडे वळूं. एमिलिया दार उघडवून आंत येते आणि विचारते, हें कोणीं केलें? मरणारी डेस्डिमोना म्हणते, कोणीं नाहीं, माझें मींच. हें असत्य आहे. ती आपण निर्दोष मरत आहों हें सांगते, पण मारणाराचें नांव सांगत नाहीं. मराठी प्रेक्षकाला येथें 'एकच प्याला'ची सिंधू आठवल्यावांचून राहणार नाहीं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या त्या नाटकांत मद्यपी सुधाकराच्या हातून मूल दगावतें आणि सिंधू प्राणांतिक जखमी होते; आणि तीहि पतीवर बालंट येऊं नये म्हणून पोलिसांपुढें खोटें सांगते. आणि हा सुधाकर कोण? वकील! पुरावा म्हणजे काय हें ज्याला पुरतें ठाऊक, त्याच्याच घरांत पुराव्याचा शेवट झाला.

आमचा पुराव्याचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या ३२ व्या कलमानें मृत्युपूर्व जबानीला मोठें स्थान दिलें, आणि १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष अधिनियम अंमलांत आला त्यांतहि तें कायम आहे. त्यामागची श्रद्धा अशी, कीं मरणाच्या दारीं माणूस खोटें बोलत नाहीं. श्रद्धा सुंदर आहे. पण डेस्डिमोना आणि सिंधू आपणांस सांगतात कीं, मरतांनाहि खोटें बोलावयास लावील एवढें बळ विवाहबंधनाच्या एका विशिष्ट कल्पनेंत आहे. प्रेक्षागृहांत या असत्यावर टाळ्या पडतात, डोळे पुसले जातात, पातिव्रत्याची महती गाइली जाते. मला नम्रपणें म्हणावयाचें आहे कीं, तें असत्य क्षमेचें असेल, उदात्तहि असेल. पण ज्या घरांत उद्यां दुसरी सिंधू मार खाणार आहे त्या घराला तें कांहींच मदत करीत नाहीं.

ज्या कथेवरून शेक्सपियरनें हें नाटक रचलें, ती चिंथिओ या इटालियन लेखकाची कथा १५६५ सालीं छापली गेली. तींत खून निराळ्या रीतीनें होतो. वाळू भरलेल्या मोज्यानें त्या स्त्रीला मारण्यांत येतें, आणि मग माळ्याचें छत तिच्या अंगावर पाडून अपघाताचा देखावा करण्यांत येतो. शेक्सपियरनें हा देखावा वगळला. परंतु तो जगांतून वगळला गेला नाहीं. छताच्या जागीं स्टोव्ह आला, विहीर आली. स्वयंपाकघरांत पदर पेटला, पाय घसरला, असें सांगून किती चिता विझल्या याची गणना कोणीं करावी? म्हणूनच १९८३ सालीं विवाहित स्त्रीच्या छळासाठीं भारतीय दंडविधानांत ४९८-अ हें कलम आलें, आणि विवाहानंतर सात वर्षांच्या आंत झालेल्या तिच्या संशयास्पद मृत्यूची चौकशी व शवचिकित्सा करण्याची तरतूद झाली. १९८६ मध्यें हुंडाबळीचें स्वतंत्र कलम आलें. २००५ च्या अधिनियमानें, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला, मार म्हणजे केवळ हाताचा मार नव्हे, तर शब्दांचा, पैशाच्या कोंडीचाहि मार होय हें मान्य केलें आणि तिला राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला. छत खरोखर आपोआप पडलें काय, हें विचारण्याची सक्ति या कायद्यांनीं प्रथम केली.

येथें कित्येक श्रोत्यांच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला असेल. खोटे आरोप केवळ स्त्रियांवरच होतात काय? पुरुषावर, त्याच्या वृद्ध आईबापांवर होत नाहींत काय? होतात. ज्याच्यावर असा आळ येतो त्याची झोप उडते, त्याची अब्रू वेशीवर टांगली जाते. त्याच्या दुःखाला हंसण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. ४९८-अ खालीं तक्रार आली एवढ्यावरून पोलिसांनीं सरसकट अटक करूं नये, अटकेची गरज काय हें आधीं लेखी नमूद करावें, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिले, ते या जाणिवेनेंच. १ जुलै २०२४ पासून हें कलम भारतीय न्यायसंहितेंत ८५ व ८६ या आंकड्यांनीं नांदत आहे.

परंतु या दोन दुःखांना एकमेकांविरुद्ध उभें करण्याची जी रीत आपल्या चर्चांतून पडली आहे, ती मला मान्य नाहीं. एक पक्ष म्हणतो, स्त्रिया मार खातात. दुसरा म्हणतो, स्त्रिया खोटें बोलतात. आणि दोघेहि न्यायालयाला आपापल्या बाजूस ओढूं पाहतात. 'ऑथेल्लो' वाचणाराला हा वाद पोकळ वाटेल. कारण त्या नाटकांत खोटा आळ आणि घरांतील मार या दोन गोष्टी नाहींतच. ती एकाच गोष्टीचीं दोन टोकें आहेत. आळ चौकशीवांचून खरा मानला गेला म्हणून मार झाला, आणि मार घरगुती मानला गेला म्हणून आळाची चौकशी झाली नाहीं. दोहोंवर उपाय एकच. आणि तो पहिल्या अंकांतल्या त्या मध्यरात्रीच्या सभेनें करून दाखविला होता. दोन्ही बाजू ऐका. ठासून सांगणें आणि सिद्ध करणें यांत गल्लत करूं नका. जिच्याविषयीं बोलतां तिला बोलवा, आणि बोलाविल्यावर तिचें ऐका. हा उपाय निरपराध पुरुषालाहि तारतो आणि मार खाणाऱ्या स्त्रीलाहि तारतो.

शेवटीं एका साक्षीदाराविषयीं दोन शब्द बोलून मी रजा घेणार आहें. ती म्हणजे एमिलिया. रुमाल उचलून नवऱ्याला देणारी तीच. रुमाल हरवल्यावर डेस्डिमोनेपुढें गप्प राहणारीहि तीच. ती कांहीं साध्वी म्हणून रंगविलेली नाहीं. पण मालकिणीचें प्रेत समोर पाहिल्यावर तिला सारी सांखळी उलगडते. इयागो तिला गप्प बस म्हणतो, घरीं चल म्हणतो. ती म्हणते, पतीची आज्ञा मानणें योग्य खरें, पण या क्षणीं नाहीं. सर्वांसमक्ष ती सत्य सांगते, आणि सांगतां सांगतां नवऱ्याच्या शस्त्रानें मरते. डेस्डिमोनेनें मरतांना असत्य सांगून पतीला झांकलें. एमिलियेनें मरतांना सत्य सांगून पतीला उघडें केलें. जगाच्या रंगभूमीनें तीन शतकें पहिलीच्या पायांशीं फुलें वाहिलीं. नाटकांतील खटल्याचा निकाल मात्र दुसरीच्या साक्षीवर लागला. ती बोलली नसती तर इयागो सन्मानानें व्हेनिसला परतला असता.

आपल्या शेजारच्या घरांतून रात्रीं कांहीं आवाज येतात. ते रोजचे आहेत कीं आजचेच, असें विचारून आपण खिडकी लावून घेतों. साक्षीदार होण्याची वेळ न्यायालयांत येत नाहीं, श्रोतेहो. ती त्या खिडकीपाशींच येते.